घोंगड्यातला बर्फ

दहावीला मला विज्ञानात भरपूर मार्क होते आणि मी आयुष्यात लिटमस पेपर बघितलेला नव्हता. ही कबुली नाही, तक्रार आहे. नेकनूरच्या बाजूच्या ज्या शाळेत मी शिकले तिथं प्रयोगवही लिहायची एक ठरलेली पद्धत होती. मागच्या वर्षीच्या एखाद्या हुशार पोरीची वही मिळवायची आणि तिच्यावरून उतरवायची. आकृतीला शिसपेन्सिल, निरीक्षणाला निळं पेन. 'निळा लिटमस लाल झाला.' कुणी केला, कधी केला, विचारायचं नाही. आम्हाला मिळालेल्या वहीत आरशाच्या प्रयोगातलं एक माप चुकलेलं होतं. सगळ्या वर्गाच्या वह्यांत तेच माप तसंच चुकलं, आणि सगळ्या वह्यांवर सरांचा 'छान' असा शेरा आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मला विचारलं, "गाव कोणतं?" तेवढं मला बरोबर सांगता आलं.

पुढं बीडला कॉलेजात ती पट्टी पहिल्यांदा हातात आली. आम्लात बुडवली आणि ती खरंच लाल झाली. मी एवढ्या मोठ्यानं "अगं, खरंच होते की!" म्हणाले की सगळी लॅब हसली. त्यांचं हसणं मला लागलं नाही. लागलं ते वेगळंच. मी एक खरी गोष्ट पाच वर्षं खोटी लिहीत होते, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळत होती.

तेव्हापासून मी भांडते. आम्ही पाच-सहा जण मिळून पत्रकं काढतो, बाजारात, बसस्टँडवर, शाळांच्या दारात वाटतो. मी लिहायला तिथंच शिकले. एका पानात मावलं पाहिजे, मथळा लांबून वाचता आला पाहिजे, आणि गुळगुळीत बोलायचं नाही. शिवाय दर बुधवारी मी धारूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवरच्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर जायचे. एक तास, फुकट. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली ती एका अटीवर.

"मॅडम, प्रयोगशाळेच्या कपाटाला हात लावायचा न्हाई. सामान रजिस्टरवर हाय. फुटलं तर मला लिहून द्यावं लागतं."

कपाट त्यांच्या खोलीतच होतं. काचेतून आत एक तराजू आणि त्याच्या पुढं सूक्ष्मदर्शक दिसायचा. त्याच्या नळीवर हळदीकुंकवाची बोटं होती, भिंगावरसुद्धा, आणि मानेला झेंडूची वाळलेली माळ. मी त्याच्याकडं बघत राहिले तर ते म्हणाले, "देवासारखा जपलाय." ते खरंच होतं. देवाला जसं कुणी हात लावत नाही, तसा.

म्हणून मी पिशवीतूनच शाळा न्यायचे. माझ्या तासाला नियम एकच होता, आधी सांगायचं, मग बघायचं. काय होईल ते प्रत्येकानं ठरवायचं, हात वर करून सगळ्यांसमोर बोलायचं, आणि मगच प्रयोग. पोरांना हे जड गेलं. त्यांना उत्तर माहीत असल्याशिवाय तोंड उघडायची सवय नव्हती. चुकलं तर मार, बरोबर आलं तर टाळ्या, असं आठ वर्षं शिकवलेलं. मी सांगितलं, इथं चुकणाऱ्याला मार नाही आणि बरोबर येणाऱ्याला टाळ्या पण नाहीत. ज्यानं हातच वर केला नाही त्याला मात्र मी बघून घेईन. तिसऱ्या बुधवारपर्यंत वर्गात एवढा गोंधळ व्हायला लागला की शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तास चालू हाय का सुट्टी झाली?"

ऑक्टोबरच्या उन्हात मी त्यांना घोंगड्याचा प्रयोग दिला. घोंगडं मी आदल्या आठवड्यात मागितलं होतं. वर्गातली एक मुलगी मेंढपाळाची होती. बाप तेलगावच्या बाजूला कापसाच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला जायचा, ही चुलतीकडं राहून शाळा शिकायची. मागच्या बाकावर एकटीच बसायची. का, ते तिनं घोंगडं आणलं त्या दिवशी कळलं.

"मॅडम, वास येतोय," पुढचा एक पोरगा नाक दाबून म्हणाला.

"कशाचा?"

"मेंढराचा. हिच्याजवळ बसलं की रोजच येतो."

वर्ग हसला. ती हसली नाही, खाली पण बघितलं नाही. "तुझ्या अंगातल्या स्वेटरला इचार कुठनं आलाय त्यो," ती म्हणाली. मग वर्ग त्याला हसला.

धारूरच्या रसवंतीवरून मी डब्यात बर्फ आणला होता. दोन सारखे तुकडे केले, दोन सारख्या डब्यांत ठेवले. एक डबा टेबलावर उघडा, दुसरा घोंगड्यात गुंडाळलेला. कोणता बर्फ आधी वितळेल? हात वर. जवळजवळ सगळा वर्ग घोंगड्याच्या बाजूनं गेला. दारात उभे असलेले शेजारचे सर पण मान हलवत म्हणाले, "घोंगडं गरम असतं. त्यातलाच."

उघड्या डब्याच्या बाजूनं एकच हात होता, मागच्या बाकावरचा.

"का गं?" मी विचारलं.

"माझा बाप भर उन्हात घोंगडं अंगावर घेतो. येडा हाय का त्यो?"

वर्ग पुन्हा हसला. कुणीतरी म्हणालं, "हाय की!" आणि दुसरा त्याला म्हणाला, "गप बे."

"आणि मॅडम," ती म्हणाली, "तुमी सोता बरफाचा डबा टावेलात गुंडाळून आणलाव. गरम करायला आणलाव का?"

मी ते बघितलंच नव्हतं. टॉवेल मी गुंडाळला होता, माझ्या हातानं, विचार न करता. लिटमसच्या वेळी मी जशी ओरडले होते तशीच पुन्हा ओरडणार होते, पण बाई म्हणून उभी होते, म्हणून आवरलं.

तास संपायच्या आत उघड्या डब्यात पाणी होतं. घोंगड्यातला तुकडा जरा गोल झाला होता, एवढंच. एक पोरगी म्हणाली की घोंगड्याच्या आत गारवा असेल. मग बर्फाचा डबा बाजूला काढला आणि माझा थर्मामीटर घोंगड्याच्या दुसऱ्या, कोरड्या टोकाच्या घडीत घालून ठेवला. आतलं आणि बाहेरचं तापमान सारखंच निघालं. "म्हंजी घोंगडं गरम पण न्हाई आन् गार पण न्हाई," मागच्या बाकावरची सावकाश म्हणाली. "त्ये निस्तं आडवं पडतं. हिकडली उब तिकडं जाऊ देत न्हाई."

पुस्तकात याला उष्णतारोधक म्हणतात आणि ती व्याख्या त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला पाठ होती. तरी हात घोंगड्याकडंच गेले होते. हे ज्याला समजत नाही त्यानं शिक्षणावर भाषणं करू नयेत.

हिवाळ्यात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन असतं. शाळेतून दोन प्रयोग पाठवता येतात. आमच्या शाळेतून दरवर्षी एकच जायचा, संस्थेच्या सचिवांच्या नातवाचा. बीडहून तयार होऊन आलेलं मॉडेल, थर्माकोलची घरं, लुकलुकणारे दिवे, आणि सोबत पाठ केलेलं भाषण, 'आदरणीय परीक्षक महोदय.' दुसरी जागा रिकामीच. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, त्या जागेवर घोंगड्याचा प्रयोग पाठवा, तिच्या नावानं.

ते हसले. रागानं नाही, समजूत घालावी तसे. "मॅडम, प्रदर्शनात सचिव येणार, पुढारी येणार. त्यांच्यापुढं घोंगडं ठेवायचं का? लोक म्हणतील शाळा पुढं चालली का मागं. आन् त्यात दिवा न्हाई, मोटार न्हाई, काय दाखवणार?"

"बर्फ वितळताना दाखवणार."

"बरफ घरी पण वितळतो."

मी उठून आले आणि जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा, 'प्रयोगशाळेचं कुलूप कुणासाठी?' त्यात लिहिलं की या शाळेतलं कपाट कधीच उघडलेलं नाही, आणि मेंढपाळाच्या मुलीचा प्रयोग केवळ ती मेंढपाळाची म्हणून नाकारला. शाळेचं नाव घातलं नव्हतं, पण धारूरच्या बाजारात ते कळायला कुणाला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत पत्रक सचिवांच्या खिशात होतं.

पुढच्या बुधवारी मुख्याध्यापकांनी मला फाटकावरच थांबवलं. या वेळी ते हसले नाहीत.

"कपाट कधीच उघडलेलं न्हाई म्हणताव? दर खंडेनवमीला मी सोता उघडतो! सगळं सामान बाहेर काढून पूजा करतो! कोण सांगितलं तुमाला कधीच न्हाई म्हणून?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पत्रक खोटं हाय असं लिहून द्या, सहीनिशी. पुढल्या आठवड्यात शनिवारी नावं तालुक्याला जातात. माफी आली तर पोरीचं बघू. न्हाई आली तर न्हाई. आन् तुमी आता आत यायचं न्हाई."

म्हणजे माझ्या सहीवर तिची जागा टांगली. माझे सोबती म्हणाले, अजिबात लिहायचं नाही, उलट दुसरं पत्रक काढू. दुसरं पत्रक माझ्या मनात तयारच होतं, मथळ्यासकट. पण जागा माझी नव्हती. रविवारी ती घरच्या चार मेंढ्या चारायला डोंगराच्या उताराला होती, तिथं मी तिला जाऊन भेटले. वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंत. तिनं आधी मेंढी हाकलली, मग माझ्याकडं बघितलं.

"तुमी माझं लिहिलाव. मला इचारलाव का?"

"नाव नव्हतं लिहिलं."

"आठवीत मेंढरावाल्याची पोरगी कितीक हायती? आता चुलती म्हणती शाळा बस कर. बापाचं नाव बाजारात गेलं म्हणती."

मी पत्रकं वाटायला लागल्यापासून मला शिव्या दिल्या होत्या, ढकललं होतं, एकदा कागद हातातून ओढून नालीत टाकले होते. त्यातलं काही मला असं बसलं नव्हतं. मी तिला सांगितलं की मुख्याध्यापकांना लेखी माफी पाहिजे, मी लिहून देते, तुझं नाव जाईल.

"काय लिहिणार?"

"की पत्रक खोटं आहे."

"खोटं हाय का?"

"एक वाक्य खोटं आहे. कपाटाचं. आणि तुझ्याबद्दलचं मी ताडून न बघता लिहिलं. त्यांनी दिवा नाही, मोटार नाही म्हणून नाकारलं, असं ते म्हणाले. मनात काय होतं ते मला माहीत नाही."

"मंग जेवढं खोटं हाय तेवढंच खोटं म्हणा की. सगळं कावून म्हणताव?" ती काठी टेकवून उभी राहिली. "माफी मागून माझं नाव नका लावू. मी बघती माझं."

मी त्या रात्री पत्र लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत सगळ्यात छोटं. 'मा. मुख्याध्यापक यांस, प्रयोगशाळेचं कपाट कधीच उघडत नाही, हे माझं विधान चुकीचं आहे. ते वर्षातून एकदा पूजेसाठी उघडतं. मुलीविषयी मी तिला न विचारता लिहिलं, ते मी तिची माफी मागून परत घेते. बाकी मजकूर कायम.' खाली सही. सकाळी ते फाटकावर नेऊन दिलं. एवढं सरळ पत्र मी कधी लिहिलं नव्हतं, आणि एवढं टोचणारंही नाही. टोचावं म्हणून लिहिलं नव्हतं. खरं लिहिलं की कधी कधी ते तसं होतं, त्याला मी काय करू? त्याच आठवड्यात चुलतीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं मला अर्धा तास बोलून घेतलं, मधे श्वास घेतला नाही, आणि शेवटी म्हणाली, "शनवारपातुर जाऊ देती. पुढचं तिचा बाप ठरवील."

शुक्रवारचं मी सांगते ते ऐकीव आहे. मी फाटकाबाहेर होते. सात-आठ पोरांनी एकाच वेळी ओरडून सांगितलं, त्यातून जुळवलं.

शुक्रवारी परिपाठात सुविचार सांगायची पाळी तिची होती. सकाळी तिच्या निरोपावरून तिचा बाप तेलगावहून काळी-पिवळीनं घाट चढून आला. मांडीवर घोंगड्याचं गाठोडं. जीपमध्ये लोकांनी विचारलं, "काय आणलाव, कोकरू हाय का?" तो म्हणाला, "बरफ." सगळी जीप हसली. शाळेच्या पायरीवर त्यानं गाठोडं सोडलं तेव्हा बर्फ होता, घट्ट, धारदार. घाटाच्या सगळ्या वळणांनी त्याचं काही केलं नव्हतं.

ती पुढं आली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. सुविचाराच्या जागी तिनं दोन डबे पायरीवर ठेवले आणि म्हणाली, "कोणचा बरफ आधी जाईल त्ये हात वर करून सांगा. सरांनी पण." आठवीच्या वर्गाला उत्तर माहीत होतं. तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, जो फोडील त्याच्या डब्यात मेंढराची लेंडी टाकीन. बाकीची सगळी शाळा घोंगड्याच्या बाजूनं गेली. मुख्याध्यापकांनी जरा थांबून, मागं बघून, हात वर केला. घोंगड्याच्याच बाजूनं.

दोन तासांनंतर पुन्हा सगळे जमले. उघड्या डब्यात पाणी, घोंगड्यात तुकडा.

आता इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला वर्गात. मुख्याध्यापकांना मी या पानांवर बरंच बोलले आहे, म्हणून हे पण लिहिलं पाहिजे. ते खाली वाकले, तुकडा बघितला आणि म्हणाले, "घोंगड्यातला तुकडा आधीच मोठा असंल."

हा आक्षेप बरोबर होता. आम्ही वर्गात नजरेनंच तुकडे केले होते. मला कुणी तसं विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःला पण विचारलं नव्हतं.

"मंग तुमीच फोडा सर," ती म्हणाली. "वजन करा आन् ठिवा."

"वजनाला तराजू कुठंय?"

"कपाटात हाय की."

मुख्याध्यापकांनी खिशातून किल्ली काढली, आत गेले, तराजू घेऊन बाहेर आले. पारड्यांवरची हळद पुसायला त्यांनी आपला रुमाल वापरला. बापाच्या गाठोड्यात उरलेला बर्फ त्यांनी स्वतः फोडला, तोलला, खरवडून पुन्हा तोलला. घोंगडं स्वतः गुंडाळलं, आणि कुणी हात लावू नये म्हणून खुर्ची टाकून शेजारी बसले. दुपारच्या सुट्टीत खिचडी तिथंच मागवून खाल्ली.

उत्तर तेच आलं.

त्यांनी तिची पाठ थोपटली नाही, सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. शनिवारी दोन नावं तालुक्याला गेली. तिला त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझ्या मॅडमला निरोप दे. म्हणावं, यंदा कपाट दोनदा उघडलंय. पुढच्या पत्रकात नीट छापा. आन् फाटकाच्या आत यायचं न्हाईच."

तालुक्याच्या प्रदर्शनाला मी लोकांत उभी राहून बघायला गेले, तिथं मला कुणी अडवू शकत नव्हतं. नंबर आला नाही, हे आधीच सांगून टाकते. सचिवांच्या नातवाच्या दिव्यांच्या शहराचा आला. परीक्षक तिच्या टेबलाशी आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "कोणचा आधी जाईल? सांगा." ते म्हणाले, "बाळ, प्रश्न मी विचारतो." ती म्हणाली, "इचारा की, पर आधी सांगा." त्यांनी घड्याळ बघितलं, घोंगडं उचलून बघितलं, आणि म्हणाले, "हे तर सगळ्यांना माहीत असतं."

"मंग आदुगर कावून न्हाई सांगितलाव?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. त्याच्यामुळं नंबर गेला असं मी म्हणणार नाही. कागदावर काय लिहिलं ते मी बघितलेलं नाही. पण एवढं बघितलं. दिव्यांच्या शहरापुढं लोक थांबायचे, भाषण ऐकायचे आणि निघायचे. तिच्या टेबलाशी दुसऱ्या शाळांची पोरं भांडत होती, पैजा लावत होती, जाऊन पुन्हा परत येत होती. तिनं नावाची पाटी स्वतः लिहिली होती. खाली बापाचं नाव, आणि त्याखाली, 'धंदा: मेंढपाळ.' तेवढी अक्षरं जरा मोठी होती.

संध्याकाळी बसस्टँडवर ती, तिचा बाप आणि मी. बाप घोंगड्यात गुडघे दुमडून बाकावर बसला होता. मला म्हणाला, "बाई, नंबर न्हाई आला तर मंग काय मिळालं?" मी पत्रकी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. ती मधेच बोलली. तिचं लक्षच नव्हतं आमच्याकडं.

"मॅडम, घोंगडं उब आडवतं. मंग मेंढरू उन्हाळ्याआधी आमी कातरतो कावून? ठिवली लोकर अंगावर तर गारच राहायला पायजे की त्ये."

मी विचार केला. बाप पण विचार करायला लागला, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. एवढी वर्षं कातरत आलेला माणूस.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "मोजून बघावं लागेल. कातरलेलं एक, न कातरलेलं एक. पण शाळेत मला येऊ देत नाहीत."

"शाळेत मेंढरं तरी कुठं हायती?" ती म्हणाली. "रानात या. थर्मामीटर आणा. आन् आठवीतली पोरं मी घेऊन येती, वास येतो म्हणणारं पण."

बापानं विचारलं, "त्ये थर्मामीटर मेंढराला कुठं लावायचं असतं?"

तिनं सांगितलं. बाप एवढा हसला की घोंगडं खांद्यावरून खाली आलं.